पंचवीस टक्के मतं, तेवीस जागा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडची ही लिखित आवृत्ती. आकडे बरेच आहेत आणि बोलताना ते कानावरून निसटतात, म्हणून यावेळी जरा नीट लिहून काढलंय.

थेट एका निकालापासून सुरुवात करू. ९ जून १९८३, ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक. मार्गारेट थॅचर यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ४२.४ टक्के मतं, ३९७ जागा. लेबर पक्षाला २७.६ टक्के मतं, २०९ जागा. तिसऱ्या नंबरवर एसडीपी, म्हणजे सोशल डेमोक्रॅटिक पार्टी, आणि जुना लिबरल पक्ष यांची आघाडी. त्यांना २५.४ टक्के मतं. लेबरपेक्षा जेमतेम सव्वादोन टक्के कमी. मग जागा किती? दोनशे नाही, शंभर नाही, पन्नासही नाही. तेवीस.

या तेवीस जागांमागे जे लोक होते त्यांची आजची गोष्ट. देश दोन टोकांना ओढला जातोय आणि मधली जागा रिकामी पडलीय, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या मधल्या जागेसाठी त्यांनी आपली अख्खी राजकीय कारकीर्द पणाला लावली. जवळजवळ दीड वर्ष असं वाटत होतं की हे लोक ब्रिटनचं राजकारण उलटंपालटं करणार. मग सगळं विस्कटलं. का विस्कटलं हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण 'मी कुठल्याच बाजूचा नाही, मी मधला' असं म्हणणारे आपल्या आसपास खूप असतात. त्या वाक्याची किंमत काय असते ते या माणसांना विचारावं.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडची जुनी वर्तमानपत्रं या दोन पक्षांना 'हुजूर पक्ष' आणि 'मजूर पक्ष' म्हणायची. ज्यानं कुणी ही जोडी जुळवली त्याला सलाम! हुजूर म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह, मजूर म्हणजे लेबर. आता गंमत अशी की दुसऱ्या महायुद्धानंतरची पंचवीस-तीस वर्षं हुजूर आणि मजूर मोठमोठ्या प्रश्नांवर फार भांडतच नव्हते. १९४२ च्या बेव्हरिज अहवालातून सामाजिक सुरक्षेचा आराखडा आला, १९४८ मध्ये मोफत सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. हे सगळं लेबरनं केलं, पण नंतर सत्तेत आलेल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षानं ते मोडलं नाही. लेबरचे अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल गेले आणि त्यांच्या जागी कॉन्झर्व्हेटिव्ह रॅब बटलर आले, तरी धोरण इतकं सारखं राहिलं की 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकानं १९५४ मध्ये दोघांच्या नावांची खिचडी करून 'बट्स्केलिझम' हा शब्द काढला. (हे बटलर जन्मले आपल्या अखंड हिंदुस्थानातल्या अटकला. हो, मराठ्यांनी झेंडे लावले तेच अटक.)

म्हणजे त्या काळात मधली जागा रिकामी नव्हतीच, दोन्ही पक्ष तिथेच गर्दी करून बसले होते. वेगळा मध्यममार्गी पक्ष कशाला हवा?

सत्तरच्या दशकात ही गर्दी पांगली. तेलाच्या किमती भडकल्या, महागाई वाढली, संप सुरू झाले. १९७६ मध्ये ब्रिटनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे ३.९ अब्ज डॉलरच्या कर्जासाठी हात पसरावे लागले. ज्या देशानं अर्ध्या जगावर राज्य केलं त्याच्यावर ही वेळ! १९७८-७९ च्या हिवाळ्यात सफाई कामगार संपावर गेल्यामुळे लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये कचऱ्याचे ढीग साचले, लिव्हरपूलला कबरी खोदणाऱ्यांनी काम बंद केलं. मे १९७९ मध्ये थॅचर निवडून आल्या. एकमत या कल्पनेबद्दलच त्यांना राग होता. एकमत म्हणजे सगळ्या श्रद्धा आणि तत्त्वं सोडून देण्याची प्रक्रिया, अशा अर्थाचं त्या १९८१ मध्ये मेलबर्नच्या भाषणात उघडपणे बोलल्या.

इकडे हरलेल्या लेबर पक्षात वेगळंच पेटलं होतं. आणि इथे मला जरा थांबायचंय, कारण ही गोष्ट सांगताना बरेच जण लेबरच्या डाव्या गटाला सरळ खलनायक करून मोकळे होतात.

डाव्या गटाचे नेते टोनी बेन. माणूस विलक्षण. वडिलांकडून आलेली सरदारकी त्यांनी १९६३ मध्ये कायदा बदलायला लावून सोडून दिली, कारण ती असेपर्यंत हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसता येत नव्हतं. बेन यांचा मुद्दा साधा होता. पक्षाचे कार्यकर्ते पावसात दारोदार फिरतात, अधिवेशनात ठराव करतात, आणि सत्ता आली की खासदार आणि मंत्री ते ठराव कचऱ्याच्या डब्यात टाकतात. मग पक्ष कुणाचा? कार्यकर्त्यांचा की खासदारांचा? म्हणून त्यांची मागणी होती की खासदाराला प्रत्येक निवडणुकीआधी स्थानिक पक्षाकडून पुन्हा उमेदवारी मिळवावी लागेल आणि पक्षाचा नेता फक्त खासदारांनी निवडायचा नाही. सतरंज्या उचलणारे कोण आणि खुर्चीवर बसणारे कोण हे आपण इथे रोज बघतो, त्यामुळे मला तरी ही मागणी वेडगळ वाटत नाही.

पण त्याच गटाला सोबत आणखी काही हवं होतं. युरोपीय समुदायातून बाहेर पडायचं, अण्वस्त्रं एकतर्फी सोडून द्यायची. लेबरमधल्या दुसऱ्या बाजूला हे मान्य होणं शक्यच नव्हतं. युरोपचा प्रश्न त्यांच्यासाठी किती खोल होता ते बघा. २८ ऑक्टोबर १९७१ ला युरोपीय समुदायात जायचं की नाही यावर मतदान झालं, तेव्हा पक्षाचा आदेश मोडून लेबरचे ६९ खासदार कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान हीथ यांच्या बाजूनं उभे राहिले. त्यांचे म्होरके होते रॉय जेन्किन्स. म्हणजे हे 'मध्यममार्गी' लोक गुळमुळीत नव्हते. तळ्यात-मळ्यात तर अजिबात नव्हते. त्यांची मतं ठाम होती. फक्त ती मतं दोन पक्षांच्या ठरलेल्या खोक्यांत बसत नव्हती.

नोव्हेंबर १९८० मध्ये लेबरच्या खासदारांनी मायकेल फूट यांना नेता निवडलं. १३९ विरुद्ध १२९, हरले डेनिस हीली. फूट विद्वान, पट्टीचे वक्ते, तरुणपणी कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगमध्ये काम केलेले. पण देश चालवणारा माणूस म्हणून लोकांच्या डोळ्यांसमोर ते येत नव्हते. नंतर पक्ष सोडून गेलेल्यांपैकी निदान एका खासदारानं पुढे कबूल केलं की आपण फूट यांना मत दिलं ते मुद्दाम, म्हणजे पक्ष आणखी लवकर बुडावा. मध्यममार्गी म्हणजे सज्जन, असं समीकरण कुणाच्या डोक्यात असेल तर हे लक्षात ठेवा.

मग आला २४ जानेवारी १९८१ चा शनिवार. वेम्ब्लीला लेबरचं खास अधिवेशन. नेता कसा निवडायचा ते ठरलं: ४० टक्के वजन कामगार संघटनांना, ३० टक्के खासदारांना, ३० टक्के स्थानिक पक्षांना. युनियनचे पुढारी लाखो सभासदांच्या नावानं एकगठ्ठा मत टाकणार. माजी परराष्ट्रमंत्री डेव्हिड ओवेन यांची मागणी वेगळी होती: प्रत्येक सभासदाला एक मत. ती साफ आपटली. ओवेन यांचा हिशोब असा होता की युनियनचे पुढारी आणि कट्टर कार्यकर्ते डावे असतात, पण घरी बसलेला साधा सभासद समंजस असतो, त्याला विचारा. हा हिशोब डोक्यात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, पूर्व लंडनमध्ये लाइमहाउस भागातल्या ओवेन यांच्या घरी चार जण जमले. ओवेन, जेन्किन्स, शर्ली विल्यम्स आणि बिल रॉजर्स. चौघांनीही लेबर मंत्रिमंडळात काम केलेलं. त्यांनी एक जाहीरनामा काढला, तोच लाइमहाउस जाहीरनामा. पत्रकारांनी त्यांना चीनमधल्या माओच्या बायकोच्या टोळीवरून 'गँग ऑफ फोर' नाव दिलं. आपल्याकडे चांडाळचौकडीच म्हटलं असतं.

चौघांपैकी दोघं त्या दिवशी खासदारही नव्हते. विल्यम्स १९७९ मध्ये हरलेल्या. मला या चौघांत सगळ्यात आवडणारं माणूस त्याच. मंत्री असूनही विस्कटलेल्या केसांनी धावतपळत गाडी पकडणाऱ्या, लोकांशी बोलत बसणाऱ्या. त्यांचे वडील जॉर्ज कॅटलिन यांनी १९४८ मध्ये महात्मा गांधींवर पुस्तक लिहिलंय. जेन्किन्स यांची तऱ्हा निराळी. वेल्समधल्या खाणकामगाराचा मुलगा, पण चांगली वाईन आणि जाड जाड चरित्रं यांत रमणारा. साठच्या दशकात ते गृहमंत्री असताना समलैंगिकता गुन्ह्यातून वगळणारा आणि गर्भपाताला परवानगी देणारा असे दोन कायदे संसदेतून पुढे जाऊ शकले, कारण त्यांनी पाठबळ दिलं. १९७९ मध्ये ते युरोपीय आयोगाचे अध्यक्ष होते, तेव्हाच बीबीसीवरच्या डिंबल्बी व्याख्यानात त्यांनी नव्या मध्यममार्गी राजकारणाची हाक दिली होती.

मार्च १९८१ मध्ये पक्ष रीतसर जन्मला आणि ज्या थाटात जन्मला ते आजच्या स्टार्टअपला शोभेल असं होतं. क्रेडिट कार्डनं वर्गणी भरून सभासद व्हा! १९८१ मध्ये! सभासदांची नोंद गावोगावच्या शाखांच्या वहीत नाही, मध्यवर्ती कम्प्युटरवर. पहिलं अधिवेशन एका शहरात न घेता आगगाडीनं पर्थ, ब्रॅडफर्ड आणि लंडन असं फिरतं घेतलं. सभासदांत असे कितीतरी लोक होते ज्यांनी त्याआधी कुठल्याच पक्षाचं तोंड पाहिलं नव्हतं. पुढे लेबरचे एकूण २८ खासदार येऊन मिळाले. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातून किती? एक. हा आकडा खरं तर धोक्याची घंटा होता. दोन्हीकडची मधली माणसं एकत्र येतील असं स्वप्न होतं, पण प्रत्यक्षात तुटला तो एकाच पक्षाचा तुकडा.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला पक्ष फुटणं समजावून सांगायची गरज नाही. फक्त एक फरक सांगतो: ब्रिटनमध्ये पक्षांतरबंदीचा कायदा नाही. खासदारानं पक्ष बदलला तरी जागा त्याचीच राहते, राजीनामा द्यावा लागत नाही. २८ पैकी एकालाच वाटलं की मतदारांना पुन्हा विचारलं पाहिजे. ब्रूस डग्लस-मान यांनी राजीनामा देऊन जून १९८२ मध्ये पोटनिवडणूक लढवली आणि पडले.

सुरुवातीला मात्र वारा जोरात होता. जुलै १९८१ मध्ये जेन्किन्स वॉरिंग्टन या लेबरच्या बालेकिल्ल्यात उभे राहिले आणि फक्त १,७५९ मतांनी हरले. नोव्हेंबरमध्ये शर्ली विल्यम्स यांनी क्रॉस्बीत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं १९,२७२ मतांचं मताधिक्य उलटवलं आणि ५,२८९ नी जिंकल्या. लिबरल पक्षाशी आघाडी झाली होती. त्यांचे नेते डेव्हिड स्टील यांनी अधिवेशनात कार्यकर्त्यांना सांगितलं, आपापल्या मतदारसंघात जा आणि सरकार बनवायच्या तयारीला लागा. लोक त्या वाक्यावर आजही हसतात. पण डिसेंबर १९८१ च्या गॅलप चाचणीत आघाडीला ५०.५ टक्के पाठिंबा होता आणि दोन्ही मोठे पक्ष तेविसाच्या आसपास रेंगाळत होते. त्या आठवड्यात स्टील यांचं वाक्य कुणालाच विनोदी वाटलं नसणार.

याच काळात लेबरच्या आत आणखी एक लढाई झाली. तिच्यावर फार कमी बोललं जातं, पण माझ्या मते खरी निर्णायक तीच.

डेनिस हीली, नेतेपदाला हरलेले, विचारांनी बरेचसे त्या चौघांच्याच जवळचे. ते पक्ष सोडून गेले नाहीत. २७ सप्टेंबर १९८१ ला उपनेतेपदासाठी हीली विरुद्ध बेन असा सामना झाला, त्याच ४०-३०-३० च्या नव्या पद्धतीनं. निकाल: हीली ५०.४२६, बेन ४९.५७४. एका टक्क्याहूनही कमी फरक. नील किनॉक यांच्यासारखे काही डावे खासदार दुसऱ्या फेरीत तटस्थ राहिले म्हणून हीली वाचले. बेन जिंकले असते तर लेबरमधून आणखी किती लोक बाहेर पडले असते, एसडीपी कुठल्या कुठे गेली असती. हीली जिंकले आणि जे कुंपणावर होते ते आतच राहिले.

ओपन सोर्समध्ये याला फोर्क म्हणतात. मूळ प्रोजेक्टवर भांडण झालं की कोड उचलायचा आणि वेगळा संसार थाटायचा. फोर्क एका मिनिटात होतो. पण जुन्या प्रोजेक्टचे युजर, नाव, सवय हे सगळं जिथल्या तिथेच राहतं. हीलींना हे कळलं होतं असं मला वाटतं. त्यांना त्याचं बक्षीस काहीच मिळालं नाही. ते कधीच नेते झाले नाहीत.

एप्रिल १९८२ मध्ये अर्जेंटिनानं फॉकलंड बेटं घेतली, जूनमध्ये ब्रिटननं परत जिंकली, आणि थॅचर यांचा आलेख वर गेला. फक्त युद्धामुळेच गेला असं मानू नका, महागाईही उतरत होती. पण युद्धाच्या दिवसांत 'आम्ही दोघांच्या मधले' या वाक्याला कोण विचारतं?

आता पुन्हा १९८३ च्या निकालाकडे, कारण आकड्यांत अजून बरंच दडलंय. लेबरला सुमारे ८४ लाख ५७ हजार मतं, आघाडीला ७७ लाख ८१ हजार. फरक पावणेसात लाखांचा. पण एका जागेमागे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला सरासरी ३३ हजार मतं लागली, लेबरला ४० हजार आणि आघाडीला ३ लाख ३८ हजार. ब्रिटनची पद्धत आपल्यासारखीच आहे: मतदारसंघात ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला, बाकीच्यांची मतं पाण्यात. लेबरची मतं खाणींच्या आणि कारखान्यांच्या पट्ट्यात एकवटलेली होती, उत्तर इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड. दक्षिणेत त्यांची इतकी धूळधाण झाली की ११९ ठिकाणी लेबर उमेदवारांची अनामत रक्कम जप्त झाली. आघाडीची मतं मात्र देशभर सारखी पसरलेली होती. गावात, शहरात, शिक्षकांत, दुकानदारांत, सगळीकडे थोडी थोडी. तीनशेहून जास्त मतदारसंघांत ते दुसरे आले.

आणखी एक गोष्ट. १९७९ मध्ये थॅचर यांना ४३.९ टक्के मतं होती. १९८३ मध्ये ती ४२.४ वर घसरली, आणि जागा ३३९ वरून ३९७ वर गेल्या. म्हणून लेबरवाले आजही म्हणतात की एसडीपीनं विरोधी मतं फोडून थॅचर यांना सिंहासनावर बसवलं. मला हे अर्धंच पटतं. २७.६ आणि २५.४ यांची बेरीज करून 'बघा, ५३ टक्के थॅचरविरोधी' म्हणणं फसवं आहे, कारण आघाडीला मत देणाऱ्या कित्येकांनी लेबरला कधीच मत दिलं नसतं. लेबरचा तेव्हाचा जाहीरनामा इतका टोकाचा होता की त्यांच्याच जेराल्ड कॉफमन यांनी त्याला इतिहासातली सर्वांत लांब आत्महत्येची चिठ्ठी म्हटलं. आघाडी नसती तर यातले बरेच लोक नाक दाबून थॅचर यांच्याकडेच गेले असते.

विल्यम्स आणि रॉजर्स दोघंही पडले. जेन्किन्स जिंकले, पण नेतेपद ओवेन यांच्याकडे गेलं. पुढची चार वर्षं दोन डेव्हिडांची, ओवेन आणि स्टील यांची. टीव्हीवरच्या 'स्पिटिंग इमेज' या बाहुल्यांच्या कार्यक्रमात चिमुकले स्टील ओवेन यांच्या खिशात बसलेले दाखवायचे. १९८७ मध्ये पुन्हा तेच: २२.६ टक्के मतं, २२ जागा. मग दोन्ही पक्षांच्या विलीनीकरणाचा प्रश्न आला. एसडीपीच्या सभासदांनी ५७ विरुद्ध ४३ टक्क्यांनी बोलणी करायला होकार दिला. ज्या ओवेन यांनी सभासदांचा शब्द अंतिम मानायचा आग्रह धरून लेबर सोडला होता, त्यांना हा शब्द काही पचला नाही. ते मूठभर लोकांना घेऊन वेगळे राहिले. बाकीचे १९८८ मध्ये लिबरल पक्षात मिसळले, तेच आजचे लिबरल डेमोक्रॅट.

ओवेन यांच्या उरलेल्या एसडीपीचं काय झालं? मे १९९०, बूटल मतदारसंघात पोटनिवडणूक. एसडीपीच्या उमेदवाराला १५५ मतं. त्यांच्या पुढे, ४१८ मतं घेऊन, स्क्रीमिंग लॉर्ड सच. हे गृहस्थ उंच टोपी घालून निव्वळ टिंगल करायला निवडणूक लढवायचे, त्यांच्या पक्षाचं नावच 'मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टी'. महिन्याभरात ओवेन यांनी दुकान बंद केलं.

इथे गोष्ट संपायला हवी, पण राजकारणात हिशोब फार उशिरा लागतात.

लेबरला किनॉक यांनी हळूहळू मध्याकडे ओढलं, १९९४ मध्ये टोनी ब्लेअर आले, १९९७ मध्ये ४१८ जागा घेऊन जिंकले. म्हातारे जेन्किन्स ब्लेअर यांचे सल्लागार मित्र झाले. मतदानाची पद्धत बदलायची का हे तपासायला ब्लेअर यांनी जेन्किन्स यांचाच आयोग नेमला. १९९८ मध्ये अहवाल आला, बदला म्हणाला. ज्या पद्धतीनं ४१८ जागा दिल्या ती कोण बदलतो? अहवाल कपाटात गेला. २०११ मध्ये यापेक्षा मवाळ बदलावर सार्वमत झालं, ६७.९ टक्के लोकांनी नको म्हटलं.

आणि पद्धत न बदलता काय होऊ शकतं तेही बघा. २०२४ मध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाला १२.२ टक्के मतं मिळाली, १९८३ च्या निम्म्याहून कमी. जागा ७२. देशभर लढायचं सोडून जिथे जिंकता येईल तिथेच त्यांनी जीव ओतला. त्याच निवडणुकीत नायजेल फराज यांच्या उजव्या रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्के मतं आणि ५ जागा. म्हणजे ही पद्धत मधल्यांच्या विरुद्ध आहे असंही नाही, पातळ पसरलेल्या कुणाच्याही विरुद्ध आहे.

आता ओवेन यांचा तो हिशोब. प्रत्येक सभासदाला एक मत. लेबरनं २०१४ मध्ये नेता निवडीसाठी ही पद्धत पूर्णपणे स्वीकारली. सोबत तीन पौंड भरून समर्थक म्हणून मत द्यायचीही सोय केली. पहिलीच निवड झाली सप्टेंबर २०१५ मध्ये. सभासद आणि समर्थक यांनी मिळून ५९.५ टक्के मतं देऊन निवडलं जेरेमी कॉर्बिन यांना. बेन यांचे जुने सहकारी, लेबरच्या अगदी डाव्या कडेचे. ज्या नियमासाठी चौकडीनं पक्ष सोडला, त्याच नियमानं पक्ष चौकडीच्या सगळ्यात नावडत्या माणसाच्या हातात दिला.

त्यावर फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा तोच प्रयोग. ब्रेक्झिट आणि पक्षातला ज्यूद्वेष या कारणांवरून लेबरचे खासदार बाहेर पडले, तीन कॉन्झर्व्हेटिव्ह येऊन मिळाले, एकूण अकरा. नॅन्डोजमध्ये चिकन खातानाचा ग्रुप फोटो काढला. नाव बदलत राहिले, निवडणूक आयोगानं त्यांचं चिन्ह नाकारलं. डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीनंतर अकरापैकी एकही जण संसदेत नव्हता. आत राहिले ते कीर स्टार्मर. त्यांनी कॉर्बिन यांच्या हाताखाली काम केलं, २०२० मध्ये नेतेपद घेतलं, आणि २०२४ मध्ये अवघ्या ३३.७ टक्के मतांवर ४११ जागा जिंकल्या. हीलींची गोष्ट, फक्त शेवट वेगळा. स्टार्मर आत राहून काय काय गिळत होते, आणि बाहेर पडलेल्यांना जे गिळवलं नाही त्याबद्दल त्यांना कमी लेखायचं का, यावर माझं मन अजून पक्कं झालेलं नाही. लुसियाना बर्जर यांच्यासारख्या ज्यू खासदाराला ज्या धमक्या येत होत्या त्या वाचल्यावर 'थोडं थांबायला हवं होतं' असं म्हणणं सोपं राहत नाही.

शेवटी उत्तर लंडनमधला एक भाग, इझलिंग्टन. १९८१-८२ मध्ये इथले तिन्ही लेबर खासदार एसडीपीत गेले. नगरसेवकही गेले, काही महिने तिथली नगरपालिकाच एसडीपीच्या हातात होती. मे १९८२ मध्ये मतदान झालं: ५२ पैकी ५१ जागा लेबरला, एक एसडीपीला. निघून गेलेल्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवर लेबरचे नवे, जास्त डावे लोक बसले होते. त्यातल्या इझलिंग्टन नॉर्थचे खासदार मायकेल ओहॅलरन एसडीपीतूनही बाहेर पडले आणि १९८३ मध्ये अपक्ष म्हणून उभे राहिले, पडले. जिंकला तो लेबरचा चौतीस वर्षांचा दाढीवाला उमेदवार, जेरेमी कॉर्बिन. २०२४ च्या निवडणुकीसाठी लेबरनं कॉर्बिन यांना तिकीट नाकारलं. ते त्याच इझलिंग्टन नॉर्थमध्ये अपक्ष म्हणून लेबरच्या विरोधात उभे राहिले आणि ७,२४७ मतांनी निवडून आले.